मदत हवी आहे: स्थानिक संस्थेकडे अनुदान मागावे की तालमीची जागा?

नमस्कार,

आमचा हौशी नाट्यगट आजवर सभासदांच्या वर्गणीवर चालत आला आहे. आता प्रथमच स्थानिक स्वराज्य संस्थेकडे अर्ज करायचे ठरले आहे. मात्र नेमके काय मागावे यावर आमच्यातच एकमत होत नसल्याने जाणकारांचा सल्ला हवा आहे.

अनेक अनुदान योजनांत खर्च आधी स्वतः करायचा, मग पावत्या व लेखापरीक्षित हिशेब सादर करायचे आणि त्यानंतर मंजूर रक्कम हाती यायची, अशी रीत असते. ज्यांच्या गाठीशी शिल्लक आहे त्यांना हे परवडते; ज्या लहान गटांसाठी योजना काढलेली असते, ते पहिल्याच पायरीवर अडतात. शिवाय पैसे प्रयोगासाठी मिळतात, त्याआधीच्या 3 महिन्यांच्या तालमींसाठी नाही आणि आमचा सर्वाधिक खर्च तालमीच्या जागेवरच होतो. म्हणून संस्थेचे संध्याकाळी रिकामे राहणारे एखादे सभागृह आठवड्यातून 3 दिवस विनाशुल्क मागावे, असे माझे मत आहे. यावर सहकारी म्हणतात की अनुदानाची निदान अर्थसंकल्पात नोंद राहते, जागेची सवलत मात्र पदाधिकारी बदलले की जाते. हा आक्षेप मला खोडता आलेला नाही.

अर्जात इतर शहरांच्या कोणत्या धोरणाचा दाखला द्यावा, हाही वाद आहे. सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील ठरावीक वाटा कलेसाठी राखण्याचे धोरण अमेरिकेतील फिलाडेल्फियाने 1959 मध्ये आणि सिएटलने 1973 मध्ये स्वीकारले. सिएटलमध्ये हा वाटा 1 टक्का ठरला. परंतु हा निधी मुख्यतः शिल्पे, भित्तिचित्रे अशा दृश्य कलाकृतींकडे जातो, त्यामुळे नाटकवाल्यांना त्याचा फारसा आधार नाही. त्यापेक्षा 2004 साली बार्सिलोना येथे शहरांनी व स्थानिक शासनांनी मान्य केलेला ‘अजेंडा 21 फॉर कल्चर’ हा दस्तऐवज मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात सांस्कृतिक हक्कांचा विचार स्थानिक शासनाच्या जबाबदारीशी जोडलेला आहे. (अर्ज हाताळणाऱ्या लिपिकावर त्याची कितपत छाप पडेल, याची मला शंकाच आहे.)

ज्यांनी अशी जागा मिळवली आहे, त्यांनी कृपया सांगावे: लेखी करार किती मुदतीचा केला, वीज व साफसफाईचा खर्च कोणाकडे ठेवला आणि सवलतीच्या बदल्यात संहिता आधी दाखवण्याची अट घातली गेली का? तशी अट आल्यास ती नाकारूनही जागा टिकवता आली असेल, तर तो अनुभव आम्हाला सर्वाधिक उपयोगी पडेल.