मदत हवी आहे: रोमन लोक एवढ्या लांबचा प्रांत चालवायचे कसे?

झुळूक: मंडळी अर्जंट आहे, परवा प्रेझेंटेशन आणि मी इथेच अडकलेय. रोमचा हुकूम पोचायलाच कितीतरी आठवडे लागायचे, मग कर, कोर्टकचेरी, सैन्य हे सगळं तिथे बघायचं कोण? पुस्तकात नुसती सम्राटांची नावं. प्लीज कोणीतरी नीट सांगा.

माळकरी: कुठला प्रांत? कुठला काळ?

शिलेदार७: कुठलाही असो, गव्हर्नर प्लिनी आणि सम्राट ट्राजन यांची पत्रं वाचा. बिथिनियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या रोमन प्रांतात, प्लिनी इ.स. ११० च्या सुमारास गेला. तिथल्या निकोमीडिया शहरात आग लागली, लोक नुसते बघत उभे राहिले, म्हणून त्याने १५० जणांचं अग्निशमन पथक काढू का असं विचारलं, तर ट्राजन म्हणाला नको, अशा मंडळांचं पुढे राजकारण होतं, आग विझवायचं सामान ठेवा. म्हणजे सगळं रोमच ठरवायचं.

माळकरी: अहो प्लिनीला खास पाठवलेलं, तिथल्या शहरांच्या पैशांचा घोळ निस्तरायला. त्यावरून सगळीकडचं कसं ठरवता? बाकी ठिकाणी गव्हर्नरच्या हाताखाली माणसं मोजकी, रोजचा कारभार शहरातली बडी मंडळीच बघायची, करवसुलीपण त्यांच्याच गळ्यात.

शिलेदार७: मोठा निर्णय तरी रोमचाच ना!

झुळूक: इजिप्त हवंय मला! ऑगस्टसपासून पुढे.

माळकरी: मग हे आधी सांगायचं ना, इजिप्तचं सगळंच वेगळं. इ.स.पू. ३० मध्ये जिंकल्यावर ऑगस्टसने तिथे सिनेटर, म्हणजे रोमच्या सिनेट सभेतला बडा माणूस, नेमलाच नाही, त्याखालच्या इक्वेस्ट्रियन वर्गातला प्रीफेक्ट, म्हणजे तिथला गव्हर्नर, बसवला, आणि सिनेटरला परवानगीशिवाय तिथे पाय ठेवायलाही बंदी, कारण रोमचं धान्य तिथून यायचं. पहिला प्रीफेक्ट कॉर्नेलियस गॅलस डोईजड झाला, मर्जीतून उतरला आणि त्याने आत्महत्या केली. प्रीफेक्टखाली जिल्हे, म्हणजे नोम. प्रत्येकावर एक स्ट्रॅटेगोस, म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी, त्याखाली गावोगावचे लेखनिक, आणि कागदपत्रं ग्रीकमध्येच, आधीच्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या वेळेसारखी.

रानवाट: कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची, रोमन व्यापारातून आलेली ब्राँझची मूर्ती मिळालीये, टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, नक्की बघा.

शिलेदार७: तो व्यापार झाला, कारभार नाही.

रानवाट: व्यापारावर कर नव्हता का? भारतातून येणाऱ्या मालावर इजिप्तमध्ये २५ टक्के घ्यायचे, मुझिरिस पपायरस बघा, केरळच्या मुझिरिस बंदराशी चालणाऱ्या व्यापाराचा जुना करारनामा आहे तो.

झुळूक: हे घेते! पण सामान्य माणसाकडून कर कसा काढायचे?

माळकरी: दर १४ वर्षांनी घरटी नोंद, घरात कोण कोण राहतं ते लिहून द्यायचं, त्यावरून पुरुषांना डोईपट्टी. रोमन नागरिकांना माफ. आणि प्रीफेक्ट दौऱ्यावर आला की अर्जांचा ढीग, इ.स. २१० च्या आसपास तीन दिवसांत १८०४ अर्ज आल्याची नोंद आहे. ऑगस्टसच्या बरंच नंतरचं आहे, पण स्लाइडवर टाकाच.