लिनक्स कर्नलच्या आणीबाणीच्या कळांमध्ये भर घालावी का?

रात्रपाळी (मूळ मांडणी)

यंत्र गोठले, माउस हलेना, टर्मिनलही उघडेना, अशा वेळी लिनक्समध्ये शेवटचा आधार उरतो तो मॅजिक सिसआरक्यूचा. ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डांवर हीच प्रिंट स्क्रीनची कळ असते) दाबून धरायची आणि एक अक्षर दाबायचे. ते अक्षर विंडो सिस्टिमकडे न जाता कर्नल (लिनक्सचा गाभा) थेट उचलतो. ‘एस’ने लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर उतरतो, ‘यू’ने फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरत्या खुल्या राहतात, ‘बी’ने यंत्र तत्काळ रीस्टार्ट होते.

या यादीत एक मधली पायरी नाही, असे माझे ठाम मत आहे. मेमरी संपून यंत्र स्वॅपमध्ये (मेमरीऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) रुतले असताना ‘एफ’ दाबले, तर ओओएम किलर (मेमरी सोडवण्यासाठी बळी निवडणारा कर्नलचा भाग) एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, निवडून मारतो. ब्राउझरचे काम अनेक प्रोसेसमध्ये विभागलेले असल्यामुळे एखादा टॅब जातो, थोडी मेमरी सुटते आणि उरलेल्या प्रोसेस ती लगेच व्यापतात. त्यापुढे हाताशी राहतात त्या ‘ई’ आणि ‘आय’, आणि त्या तर इनिट (सर्वांत आधी सुरू होणारी प्रोसेस) वगळता सगळ्यांनाच संपवतात. न जतन केलेले सारे काम त्यासोबत जाते. म्हणून सर्वाधिक मेमरी अडवून बसलेला सीग्रुप (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या प्रोसेसचा गट) अख्खा संपवणारी नवी कळ द्यावी. जागेची अडचण नाही: अंक आणि छोटी अक्षरे मिळून ३६ जागा होत्या, त्या २०२० मध्ये शिफ्टसह मोठी अक्षरे धरून ६२ करण्यात आल्या.

मूळगाभा

मी याच्या पूर्णपणे विरोधात आहे, आणि कारण जागेचे नाही. कळ दाबल्यावर चालणारा कोड इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे सीपीयूचे हातातले काम मध्येच थांबवून, चालतो. तिथे थांबता येत नाही, झोपणारे लॉक घेता येत नाही. म्हणूनच ‘एस’ आणि ‘यू’सुद्धा स्वतः काम करत नाहीत, ते वर्कक्यूकडे (नंतर करायच्या कामांच्या कर्नलमधल्या रांगेकडे) सोपवतात. वर्कक्यूच अडकली असेल तर पडद्यावर ‘इमर्जन्सी सिंक’ असे उमटते, पण ते पूर्ण झाल्याची दुसरी ओळ कधीच येत नाही. आहे त्या कळांची ही अवस्था असताना आणखी गुंतागुंतीचे काम याच मार्गावर लादू नये.

दुसरे असे की ‘सर्वात जड सीग्रुप’ या शब्दांना नेमका अर्थ नाही. वरच्या गटाच्या हिशेबात खालच्या सगळ्या गटांची मेमरी धरलेली असते, त्यामुळे सर्वात जड गट नेहमी मूळ गटच ठरणार, आणि त्याच्या खाली बहुधा वापरकर्त्याचे संपूर्ण सत्र. उतरंडीत कोणत्या पातळीवर थांबायचे हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो कर्नलने सोडवू नये. तो सोडवण्याची सोयही आहेच: सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी.ओओएम.ग्रुप’ या फाइलीत १ लिहिले, तर त्या गटातली एक प्रोसेस निवडली गेली तरी सगळा गट एकत्र संपवला जातो (ज्यांचा ओओएम गुण, म्हणजे बळी निवडताना धरला जाणारा आकडा, उणे १००० ठेवला आहे तेवढ्या वगळून). ‘एफ’लाही हे लागू होते.

ड्रायव्हरलेखक

विरोध इतका सरसकट नको. २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत स्केड-एक्स्ट आले, म्हणजे बीपीएफ प्रोग्रामच्या (चालू कर्नलमध्ये घालता येणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) रूपात स्वतःचा शेड्युलर (कोणत्या प्रोसेसला कधी सीपीयू द्यायचा ते ठरवणारा भाग) लिहिण्याची सोय. असा शेड्युलर बिघडला तर कोणत्याच साध्या प्रोसेसला सीपीयू मिळणार नाही आणि तो काढून टाकणारी आज्ञाही चालणार नाही. म्हणून त्याच्यासोबत दोन मोठी अक्षरे आली: ‘एस’ने यंत्र नेहमीच्या शेड्युलरवर परत येते, ‘डी’ने शेड्युलरची स्थिती कर्नलच्या ट्रेसमध्ये उतरते. जी नवी सोय स्वतःच यंत्र अडकवू शकते तिने सुटकेची कळही सोबत आणावी, हा निकष मला योग्य वाटतो. मात्र छोटा ‘एस’ डिस्कसाठी आणि मोठा ‘एस’ शेड्युलरसाठी, ही निवड मला पटत नाही. इथे घाबरलेल्या माणसाची चूक निव्वळ शिफ्टच्या फरकाने होऊ शकते.

रात्रपाळी

मूळगाभा, तुमचा उतरंडीचा मुद्दा वजनदार आहे आणि ‘ओओएम.ग्रुप’ वापरून माझी गरज भागेल, पण ‘एफ’ चालली तर. उबंटू या लिनक्स वितरणात सिसआरक्यूचे मूल्य (कोणत्या कळा चालतील ते ठरवणारी परवानग्यांची बेरीज) १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६. प्रोसेसना सिग्नल देण्याचा ६४ त्यात नाहीच. डेबियनच्या ४३८ मध्येही नाही. म्हणजे अक्षर टेबलमध्ये आहे, त्यामागचा कोडही आहे, आणि सामान्य वापरकर्त्याने संकटात ती कळ दाबली तर ती बंद असल्याचा संदेश तेवढा लॉगमध्ये जातो. आणीबाणीची सोय आणीबाणीत बंद निघावी हे मला अजिबात मान्य नाही.

कुलूपकिल्ली

ती बंद ठेवण्याला सबळ कारण आहे. स्क्रीन लॉक हीसुद्धा एक प्रोसेसच असते. जुन्या एक्स विंडो सिस्टिमवर ती मेली की डेस्कटॉप उघडा पडतो, आणि ‘एफ’ वारंवार दाबणाऱ्या परक्या माणसाचा हात कधीतरी तिच्यापर्यंत पोहोचू शकतो. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडच्या सत्र-लॉक प्रोटोकॉलने हे छिद्र बुजवले आहे, कारण त्यात लॉकचा प्रोग्राम कोसळला तरी कंपोझिटर (पडद्यावरच्या विंडो मांडणारा प्रोग्राम) सत्र बंदच ठेवतो. पण सगळी यंत्रे तिथे पोहोचलेली नाहीत. सर्व्हरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रूटला (यंत्राच्या प्रशासकाला) प्रॉक या डिरेक्टरीमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत अक्षर लिहिता येते आणि त्या मार्गाला हे मूल्य लागूच होत नाही.

रात्रपाळी

मग भर कळांमध्ये न घालता परवानग्यांमध्ये घालावी. आज ‘ई’, ‘आय’ आणि ‘एफ’ या तिन्हींना एकच ६४ आहे. सगळे संपवणे आणि एक निवडून संपवणे यांना एकाच पारड्यात तोलणे चुकीचे आहे. ‘एफ’साठी ५१२ हा वेगळा बिट द्यावा आणि ज्या वितरणांत सत्र-लॉक पक्का आहे त्यांनी तो सुरू ठेवावा.

मूळगाभा

याला माझा विरोध नाही, एका अटीवर. ज्यांनी आज ६४ लिहून ठेवले आहे त्यांची ‘एफ’ बंद पडता कामा नये. परवानगीची तपासणी बिटनिहाय ‘अँड’ने (दोन्हीकडे एक तरी बिट समान आहे का ते पाहून) होते, त्यामुळे ‘एफ’च्या नोंदीत ६४ आणि ५१२ दोन्ही ठेवले तर कोणत्याही एकाने ती उघडेल. ५१२ ची व्याख्या आणि त्या नोंदीतला बदल एवढेच काम आहे, इंटरप्टमधल्या कोडला हात लावावा लागत नाही. असा पॅच आणि त्यासोबत दस्तऐवजातली सुधारणा आली, तर मी त्याची तपासणी आनंदाने करीन.