अनुराधपूरचा बोधिवृक्ष: आईला डिसेंबरच्या पौर्णिमेला न्यावं की फेब्रुवारीत?

जय भीम, नमस्कार मंडळी.

आम्ही आर्वी तालुक्यातले, वर्धा जिल्हा. आई ६६ वर्षांची आहे. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते आणि बोधिवृक्षाखालचं एक पान उचलून वंदनेच्या पुस्तकात ठेवते. जुन्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात, तरी एकही टाकू देत नाही. नागपूरचं ते झाड भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांचं, हे तिनं यंदा वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्म-प्रवचनांत, भन्तेजींकडून ऐकलं. तेव्हापासून एकच, "मूळ झाड पाहू दे मले एकडाव."

तिकडं दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते. डिसेंबरची पौर्णिमा उंदुवप. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत उतरली, त्याची ही आठवण. अनुराधपूरचं झाड त्याच फांदीचं. आईला तोच दिवस हवाय, आणि तिचं मला पटतं. जूनची मोठी पौर्णिमा, पोसोन, तर पेरणीमुळे जमणारच नाही. पण डिसेंबरात कापसाची वेचणी ऐन भरात, मजूर मिळत नाहीत. शिवाय तिकडं तेव्हा पावसाचे दिवस. फेब्रुवारीत कापूस विकून हात मोकळे होतात, पण मग तो दिवस हुकतो.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. पोयाच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला झाडाजवळ जाता येतं का? झाड उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत आहे आणि भाविक खालच्या अंगणातून दर्शन घेतात, एवढं वाचलंय. सगळीकडे अनवाणी फिरायचं. आईचे गुडघे दुखतात, तापलेल्या फरशीवर मोजे चालतात का? अनुराधपूरजवळच्या मिहिंतले टेकडीच्या १८४० पायऱ्या तिच्याच्यानं होणार नाहीत. गाडी अर्ध्या वाटेपर्यंत वर जाते म्हणतात, ते खरं का? कोलंबोहून २०० किलोमीटर आहे, तर आईसाठी रेल्वे बरी की गाडी ठरवावी? सुट्टीच्या दिवशी रेल्वेत बसायला जागा मिळते का?

आणखी एक, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आईला मराठीशिवाय भाषा येत नाही, पण त्रिसरण, पंचशील, अष्टशील (उपोसथाचे आठ नियम) पालीत तोंडपाठ आहे. पोयाला तिथले उपासक पांढऱ्या कपड्यांत दिवसभर अष्टशील घेऊन बसतात. आईनंही पांढरं लुगडं आतापासूनच घडी घालून ठेवलंय. परदेशातून आलेल्या बाईला ते आपल्यात बसू देतात का? आधी कुणाला विचारावं लागतं?