मोदक नको, मोबाईल नको, जत्रा नको. मग पोरांनी करायचं काय?

वाडीवाला
वसईतल्या ग्रुपांवर 'ख्रिस्ती पालकांनो, सावध व्हा' अशी लांबलचक पोस्ट फिरतेय. सार असं : दहावीपर्यंत मोबाईल नको, शेजारच्या गणपतीला पाठवू नका, मोदक हातावर पडलाच तर परत करा, निर्मळच्या देवळाच्या जत्रेला नेऊ नका. खाली 'आमेन'वाल्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण तोवर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननी लिहायचं असं करून टाकलं. म्हणून इथे धागा काढला.

मोबाईलचं एक वेळ समजू शकतो. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, म्हणजे ही धास्ती काही आपल्यापुरती नाही. पण निर्मळची जत्रा? माझी आजी तिथे सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकायला बसायची. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग डोक्यावर पाटी. तिचा विश्वास कुठे पातळ झाला नाही. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 सालीच लिहून ठेवलंय. आपले लोक अजून मोदक मोजतायत.

आगाशीची आय
भाऊ, पोस्ट माझी नाही, पण त्या रांगेतलं एक 'आमेन' माझं आहे. परिषद सांगता तर बायबलात पौलाने करिंथकरांना काय लिहिलंय तेही वाचा, पहिलं पत्र, आठवा अध्याय. मूर्तीच्या नैवेद्याने काही बिघडत नाही असं तो म्हणतो. पण दुबळ्या विश्वासाच्या माणसाला त्याने ठेच लागणार असेल तर मी मांसाला कधी शिवणार नाही, असंही म्हणतो. सात वर्षांचं पोर म्हणजे दुबळा विश्वासच की!

आणि मोबाईलची चेष्टा नको. माझ्या भाच्याने आठवीत असताना गेममध्ये आईच्या खात्यातले पैसे उडवले. ओटीपी आला कधी, खोडला कधी, तिला पत्ता नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरकारने कायद्याने बंदी आणली, ती उगाच का?

राजोडीकर
मोबाईल झाला, मोदक झाला. आता लग्नाच्या मांडवात टेबलाखाली दारूची खोकी लपवलेली असतात, ती कुठल्या धर्माची?

गेल्या मे महिन्यात आमच्याच नात्यातलं लग्न. आदल्या रात्री पाचवी-सहावीतली पोरं मोठ्यांचे ग्लास भरत होती. एक पोरगा ग्लासाला बोटं लावून विचारतोय, 'अंकल, दोन बोटं की तीन?' सगळे हसले, एकाने तर त्याच्या खिशात नोट कोंबली. हसणाऱ्यांतले दोघे बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला पुढच्या बाकावर असतात. शनिवार-रविवारी रिसॉर्टांत येऊन पिणाऱ्या मुंबईकरांना आपण नावं ठेवतो, ती कुठल्या तोंडाने?

बँडवाले अंकल
आला, नैतिक पोलीस आला. वर्षभर वाडीत राबणाऱ्याने पोराच्या लग्नात दोन पेग घेतले तर लगेच संस्कृती बुडाली? काना गावच्या लग्नात येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. त्याला पण धर्मशिक्षणाला बसवणार का?

राजोडीकर
अंकल, योहानाचं शुभवर्तमान उघडा. ते रांजण चाकरांनी भरले, पाचवीतल्या पोरांनी नाही.

बँडवाले अंकल
शब्दात पकडायची हौस दांडगी आहे तुला. तुझ्या बापाच्या लग्नात मीच वाजवलं होतं. तिथे काय वाटत होते ते सांगू का इथे?

सांडोरची नर्स
सांगा ना अंकल, सगळ्यांच्याच लग्नांचं सांगा. मी वॉर्डात काम करते. पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे पडलेले आपलेच लोक येतात. चाळिशीसुद्धा न गाठलेले. माझा नवरा त्यातच गेला. मांडवातून त्याला धरून आणायला माझी दोन पोरं जायची, एक या बाजूने, एक त्या बाजूने. मोठा तेव्हा चौथीत होता. त्याला कुठल्या गणपतीने बिघडवलं नाही, मोबाईल तर घरात नव्हताच.

बँडवाले अंकल
बाय, तुझं दुःख मोठं आहे, त्यावर मी काही बोलत नाही. पण धागा मुलांचा होता, दारूचा नव्हे.

सांडोरची नर्स
मुलांचंच बोलतेय मी.

अकरावी ते एफवाय
इथे सगळे काका-मावश्या भांडताय, ज्यांना वाचवायचंय त्यांच्यातला मी एकटा दिसतोय. 7 सप्टेंबर 2025 ला कार्लो अकुतिस हा इटलीचा पोरगा संत झाला. आमच्या वर्गात त्याचा फोटो लागला आणि खाली काय लिहिलं, तर 'मोबाईलपासून दूर राहा'. अहो, त्या पोराने ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट बनवली होती! पंधराव्या वर्षी गेला, तोवर प्लेस्टेशनही खेळायचा, आठवड्याला एक तास ठरवून.

आणि बारा वर्षांचा येशू तीन दिवस जेरुसलेममध्ये राहिला. मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आजच्या ग्रुपने त्यांच्यावरही पोस्ट टाकली असती.

आगाशीची आय
आठवड्याला एक तास! बाळा, माझंच म्हणणं मांडलंस की. तू आज किती तास मोबाईलवर होतास ते सांग. आणि येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता, रील बघत नव्हता.

वाडीवाला
मला त्या पोस्टमध्ये जे मुळीच नाही ते खुपतंय. मुलाला त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. नात्यातला, शिकवणीतला, कधी चर्चच्या आवारातलासुद्धा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळला की पोलिसांत कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग फादर असोत, मुख्याध्यापक असोत की मामा. पोप फ्रान्सिस यांनीही 2019 मध्ये धर्मगुरूंना आणि सिस्टरांना असे प्रकार वरिष्ठांना कळवायची सक्ती केली. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर किती धर्मग्रामांच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावर आहे? मोदकावर चार ओळी आणि यावर एकही नाही. म्हणून डोकं फिरलं माझं.

राजोडीकर
आता इथे कोणी 'आमेन' लिहिणार नाही, बघा.

आगाशीची आय
आमेन. घ्या, लिहिलं. आणि नंबर आमच्या फलकावर लावायला मी स्वतः फादरांना सांगते, त्यासाठी तुमच्या टोमण्याची गरज नव्हती. मोदक परत करायचं वाक्य मलाही जरा आगाऊच वाटलं होतं, शेजारीण काय म्हणेल! मोबाईल मात्र दहावीनंतरच, त्यात एक दिवस इकडे-तिकडे नाही.

बँडवाले अंकल
सगळ्यांचं समाधान झालं, खलनायक एकटा मी. बरं, जानेवारीत धाकटीचं लग्न आहे. राजोडीकरांच्या टेबलावर फक्त कोकम सरबत ठेवतो, मग झोप लागेल ना?

राजोडीकर
लागेल. वाढायला मोठी माणसं ठेवा.

बँडवाले अंकल
तूच ये मग ट्रे घेऊन. सहा वाजता, चर्चच्या मागच्या हॉलवर. उशीर केलास तर बघ.