मदत हवी आहे: मौनला अ‍ॅव्हगॅस मिळतो का? (शनिवारच्या आत उत्तर हवं)

सह्यकडा
दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण आफ्रिकेत छोटं विमान भाड्याने घेऊन स्वतः फिरायचं ठरलंय. मार्ग असा: जोहान्सबर्गजवळचं लान्सेरिया, मौन आणि कासाने (दोन्ही बोत्सवानात), व्हिक्टोरिया फॉल्स (झिंबाब्वे), परत मौन, मग विंडहुक (नामिबिया), उपिंग्टन आणि लान्सेरिया (पुन्हा दक्षिण आफ्रिका). बारा दिवस. लॉज बघून ठेवलेत. शनिवारी विमानाचा अ‍ॅडव्हान्स भरायचा आहे.

प्रश्न एकच. मौनला अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानांचं इंधन) नक्की मिळतो का? नेटवर एक जण हो म्हणतो, दुसरा नाही. तिथून विंडहुक ३९० नॉटिकल मैल आहे आणि मध्ये काहीच नाही. कृपया फक्त इंधनाबद्दल बोला. "एवढा खर्च कशाला" हे ऐकवायला घरी माणसं आहेत.

कोकणकडा नव्हे
कोणतं विमान? चालवणार कोण?

सह्यकडा
मीच. सेसना १७२.

पाटणकर काकू
अरे वा, अभिनंदन! आम्ही २०१८ मध्ये गेलो होतो (विमानाने नाही, टूरबरोबर). ओकावांगो डेल्टा (मौनच्या बाजूचा) आणि फॉल्स दोन्हीकडे मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू करा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. आणि बोत्सवानात शिरताना मांस, दूध असलं काही जवळ ठेवू नका. गुरांच्या लाळ्या-खुरकताच्या भीतीने तिथे मैलोन् मैल कुंपणं घातलीत, नाक्यावर बूटसुद्धा औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीचं तूप गेलं. घरचं होतं.

खाबोरोनेकर
बोत्सवानात सतरा वर्षं आहे, म्हणून थोडं लिहितो.

आधी उच्चार: मौन नाही, माऊन. (माझं गावही गॅबोरोन नाही. "ग" घशातून, खाकरल्यासारखा.)

माऊनला एरवी अ‍ॅव्हगॅस मिळतो. डेल्टातल्या लॉजवर माणसं नेणारी सेसना २०६ तिथूनच दिवसभर ये-जा करतात, त्यांना तेच लागतं. पण कॅरॅव्हॅन विमानं वाढलीत, ती जेट ए-१ वर, म्हणजे जेटच्या केरोसीनवर, चालतात. अ‍ॅव्हगॅसचा टँकर उशिरा आला तर आधी रोजच्या गिऱ्हाइकांना मिळतो, पाहुण्याला नंतर. म्हणून तीन दिवस आधी फोन, आदल्या दिवशी पुन्हा फोन. कासाने आणि फॉल्सला मिळेलच असं समजून हिशोब करू नका. भरताना स्वतः उभे राहा. १००एलएल (म्हणजे अ‍ॅव्हगॅसच) निळं असतं. ट्रकवर जेट लिहिलेलं दिसलं तर पोऱ्याला थांबवा, तो कितीही आत्मविश्वासाने नळी घेऊन आला तरी.

"मध्ये काहीच नाही" हेही खरं नाही. गान्झी आहे, पुढे नामिबियात गोबाबिस आहे. इंधनाचा भरवसा धरू नका, पण अडचणीत उतरायला जागा आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. दिवाळी म्हणजे नोव्हेंबर ना? नोव्हेंबर का?

सह्यकडा
शाळांना सुट्टी तेव्हाच असते. धन्यवाद, इंधनाचं कळलं. धागा बंद केला तरी चालेल.

मौनीबाबा
माऊनला मौन म्हणणाऱ्यांनी तिथे पोचेपर्यंत मौन पाळावे.

जुहूचा जुना
धागा बंद कसला. "शाळांना" म्हणजे मुलं आहेत? एकूण माणसं किती? वजनं किती? लायसन्स कुठलं, तास किती, शेवटचं उड्डाण कधी? या पाचांपैकी एकही न सांगता इंधन विचारणं म्हणजे वरातीला घोडा ठरवायचा आणि नवरा कोण ते सांगायचंच नाही.

सह्यकडा
मुलं आजी-आजोबांकडे राहणार. आम्ही चौघं: मी, बायको, मेव्हणा, त्याची बायको. डीजीसीएचं पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) आहे, बारामतीला केलं. ९२ तास. शेवटचं उड्डाण गेल्या वर्षी. याचा इंधनाशी काय संबंध?

जुहूचा जुना
सगळाच.

कोकणकडा नव्हे
गेल्या वर्षी म्हणजे कधी?

सह्यकडा
१४ महिने झाले.

हायलक्स_हीच_सफर
राव, हे सगळं सोडा. हायलक्स फोर बाय फोर भाड्याने घ्या, टपावर तंबू. मी विंडहुक ते कासाने असा गेलोय. रात्री हत्ती तंबूच्या शेजारून जातो, तो आवाज ऐकायला मिळणं वेगळंच. विमानातून हत्ती मुंगीएवढा दिसणार. डिझेल सगळीकडे मिळतं आणि वजनकाटा लागत नाही.

खाबोरोनेकर
हायलक्सवाले दादा, बोत्सवानाच्या हमरस्त्यावर रात्री गाढवं आणि गाई बसलेल्या असतात, तेही सांगा की. आणि त्यांनी गाडी विचारलेली नाही.

हायलक्स_हीच_सफर
म्हणूनच रात्री चालवत नाही. त्यांनी वजनही विचारलं नव्हतं, तुम्ही सगळे सांगताच आहात.

डेन्सिटी_अल्टिट्यूड
जुहूवाल्या काकांचा मुद्दा आकड्यात मांडतो. सह्यकडा, रागावू नका.

१७२ एसचं कमाल वजन २५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो. भाड्याने मिळणारं रिकामं विमान साधारण ७७० किलो असतं. उरले ३८७. टाक्या भरल्या की वापरता येणारं इंधन २०० लिटर, त्याचं वजन १४४ किलो. माणसं आणि सामानाला राहिले २४३. चौघांना भागा: माणशी ६०, बॅगेसकट. आहात का तेवढे?

हा झाला कागदावरचा हिशोब, हवेचा वेगळा. लान्सेरिया ४५१७ फुटांवर आहे. तापमान ३० अंश झालं की विमानाला वाटतं आपण ७४०० फुटांवर आहोत. विंडहुकचा इरोस विमानतळ ५५७५ फुटांवर. दुपारी ३५ अंशाला तिथे नऊ हजारांच्या वर. इंजिनाला हवा विरळ, पंखांना हवा विरळ. बारामतीला जे विमान झटकन जमीन सोडायचं ते इथे धावपट्टी संपत आली तरी चाकांवरच असेल. शिवाय इथे टेकऑफच्या आधीच मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) करावं लागतं. ते तुम्ही कधी केलंय का?

सह्यकडा
नाही. पण पूर्ण टाकी कशाला भरायची, अर्धी भरून जाईन.

डेन्सिटी_अल्टिट्यूड
लान्सेरिया-माऊन सरळ ४३५ नॉटिकल मैल. १७२ ला चार तास. ताशी ३५ लिटर म्हणजे १४० लिटर, वर राखीव. अर्ध्या टाकीत तुम्ही कालाहारीतच बसाल. म्हणून म्हटलं, इंधन आणि वजन हा एकच प्रश्न आहे.

तुकाराम_टर्बो
१७२ मध्ये साधं गाडीचं पेट्रोल घाला, कुठल्याही पंपावर मिळतं. अमेरिकेत लोक वर्षानुवर्षं घालतात.

जुहूचा जुना
अमेरिकेत ज्यांच्याकडे त्या ठरावीक इंजिनासाठी वेगळी मंजुरी आहे ते घालतात. भाड्याच्या विमानात घातलंत तर विमा गेला आणि अनामतही. असले सल्ले देताना निदान खाली "विनोद" असं लिहीत जा.

तुकाराम_टर्बो
माझ्या मित्राने घातलं होतं, काही झालं नाही.

जुहूचा जुना
काही झालेले मित्र सल्ले द्यायला उरत नाहीत.

संपादक मंडळ
पेट्रोलवरची चर्चा इथेच थांबवावी.

विदर्भाची लेक
ताई म्हणून सांगते, व्हिसा बघितलात का? लान्सेरियातून बाहेर पडून पुन्हा उपिंग्टनला दक्षिण आफ्रिकेत शिरताय. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर उपिंग्टनला अडकाल. बोत्सवाना दोनदा, तोही तसाच.

अवांतर: उपिंग्टनची धावपट्टी ४९०० मीटर आहे! तुमचं १७२ तिथे उतरून, थांबून, पुन्हा उडून, पुन्हा उतरेल.

खाबोरोनेकर
व्हिसाचं बरोबर. आणि सीमा ओलांडायची तर जिथे कस्टम्स-इमिग्रेशन आहे तिथूनच निघायचं आणि तिथेच उतरायचं, फ्लाइट प्लॅन भरून. मधल्या एखाद्या सुंदर लॉजच्या पट्टीवर "जाता जाता" उतरता येत नाही. जनरल डिक्लरेशनच्या (विमान आणि माणसांची माहिती देणारा फॉर्म) दहा-बारा प्रती छापून न्या, प्रत्येक टेबलावर एक मागतात. पांढरा शर्ट आणि खांद्यावर पट्ट्या असल्या तर दारावरचे लोक कमी प्रश्न विचारतात. हसू येईल, पण करून बघा.

भारतीय लायसन्सवर थेट झेडएस (दक्षिण आफ्रिकी) नोंदणीचं विमान उडवता येणार नाही. तिथल्या नागरी विमान खात्याकडून व्हॅलिडेशन (लायसन्सला मान्यता) घ्यावं लागतं आणि तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबर चेक फ्लाइट. कागद आधी पाठवा, उतरल्यावर सुरू केलंत तर बारा दिवसांतले चार तिथेच जातील. आणि विमान देणाऱ्याकडून देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी आणि विम्याचा कागद मागा. ९२ तासांवर देतो म्हणालाय का तो?

सह्यकडा
त्याने फक्त अ‍ॅडव्हान्स मागितलाय.

मौनीबाबा
:)

खाबोरोनेकर
नोव्हेंबरचं मघाशी अर्धं राहिलं. जोहान्सबर्गच्या पठारावर तेव्हा दुपारचे वादळी ढग सुरू झालेले असतात. सकाळी निरभ्र, दोन वाजता कापसाचे डोंगर, चारला गारा. छोट्या विमानाने पहाटे उठून अकराच्या आत जमिनीवर असायचं. आणि ज्यासाठी जाताय ते तरी दिसेल का? व्हिक्टोरिया फॉल्सला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत कमी पाणी. झांबियाच्या बाजूला तर बराचसा नुसता काळा कडा उभा असतो.

ओकावांगोची गंमत वेगळी. पाऊस अंगोलाच्या डोंगरात जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, ते पाणी सपाटीवरून रमतगमत येतं आणि डेल्टा भरतो जून ते ऑगस्टमध्ये, इथे थेंब पडत नसतो तेव्हा. आमच्या चलनाचं नाव पुला, म्हणजे पाऊस. यावरून इथल्या लोकांना तो किती दिसतो ते कळेल. मे महिन्यात या. हवा कोरडी, थंड, ढग नाही, फॉल्स भरलेला, डेल्टात पाणी चढत असलेलं. तुमच्याकडे मुलांना सुट्टीही असते. फक्त दिवस लहान. सूर्य बुडाला की इथे झपकन अंधार होतो आणि लॉजच्या पट्ट्यांवर दिवे नसतात.

पाटणकर काकू
नोव्हेंबरमध्ये पाणी कमी असतं म्हणून तर कड्यावरच्या डेव्हिल्स पूलमध्ये पोहता येतं! आमच्या ह्यांनी फोटो काढला, मी लांबूनच बघितलं.

रानवाटा
प्राण्यांबद्दल कोणी बोललंच नाही. लॉजच्या पट्टीवर उतरण्याआधी एकदा खालून सरळ जायचं, झेब्रे, हरणं, कधी हत्ती बाजूला करायला. मग वळून उतरायचं. रात्री विमान उभं केलं की चाकांभोवती काटेरी फांद्या रचतात, नाहीतर तरस टायर चावतात. आणि दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय उद्यानांवरून, उद्यानातल्या सर्वांत उंच जागेपासून २५०० फुटांच्या खाली जायचं नाही, फोटोचा मोह कितीही झाला तरी.

डेन्सिटी_अल्टिट्यूड
सह्यकडा, तुम्ही गप्प झालात म्हणून मार्ग सांगतो. विमान बदला. सेसना १८२ घ्या. इंजिन २३० अश्वशक्ती, कमाल वजन १४०६ किलो, रिकामं साधारण ८९० धरा. म्हणजे ५१५ किलो तुमच्या हातात. इंधन ताशी ५० लिटर खातं, पण वेग १३५ नॉट. माऊन-विंडहुक तीन तासांत. लान्सेरियातून सरळ माऊनला जायचा हट्ट नको. फ्रान्सिसटाउनला उतरा, तिथे कस्टम्स आहे. २९० अधिक २४० नॉटिकल मैल. दुसरा टप्पा मकगडिकगडीच्या मिठागरांवरून जातो, खाली पांढरं शुभ्र, क्षितिजच सापडत नाही. तेवढं एक दृश्य बारा दिवसांना पुरेल.

जुहूचा जुना
१८२ बरोबर. पण १४ महिन्यांनंतर हा माणूस १८२ वर थेट बसणार? नवं विमान, विरळ हवा, परका मुलूख, मागे बायको आणि मेव्हणा. माझं मत: आधी इथे दहा तास उडवा. तिथे गेल्यावर चेक फ्लाइट "पास होण्यापुरती" नको, दोन दिवस इन्स्ट्रक्टरबरोबर फिरा. नाहीतर पुढे एक अनुभवी वैमानिक आणि मागे तीन-चार विमानं अशी सफर असते, तीत जा.

डेन्सिटी_अल्टिट्यूड
गटाबरोबर जायचं तर स्वतः कशाला उडवायचं?

जुहूचा जुना
पोहायला शिकताना कडेचा बार धरलाच होतास ना?

हायलक्स_हीच_सफर
हायलक्सला बार लागत नाही.

सह्यकडा
सगळ्यांचं वाचलं. चार दिवस राग आला होता, खरं सांगतो. इंधन विचारायला आलो आणि माझी परीक्षाच झाली.

अ‍ॅडव्हान्स भरला नाही. परवानगी आणि विमा लेखी मागितला तर पलीकडून दोन दिवस उत्तर नाही. मेमध्ये जायचं ठरतंय. बारामतीला फोन केला, पुढच्या महिन्यात उडवायला सुरुवात. १८२ बघतोय, दुसरीकडून.

वजनं हवी होती ना? काल सगळ्यांना भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं, घरचा काटा कोणी मानायला तयार नव्हतं. एका हाताला एक अशा बॅगा धरून चौघांचे ३५८ किलो. म्हणजे ५१५ मधून १५७ किलो इंधनाला, साधारण २१८ लिटर, सव्वाचार तास. जमतंय ना? बायको कालपासून माझ्याशी बोलत नाहीये.

डेन्सिटी_अल्टिट्यूड
जमतंय. पहाटे निघा. प्रत्यक्ष विमानाचं रिकामं वजन त्याच्या कागदावरून घ्या, माझ्या अंदाजावरून नको. कॅमेऱ्याची बॅग धरलीत का?

सह्यकडा
धरली. मेव्हण्याने मात्र बूट काढून वजन दिलं.

मौनीबाबा
विमानात अनवाणी बसणार आहेत का ते?

सह्यकडा
बूट धरून ३६०.