उरलेला भात परतताना लगदा होतो, काय चुकतंय?

सकाळचा भात उरलाय, रात्रीच्या जेवणाला अंडी-भाज्या घालून परतायचाय. दरवेळी लगदाच होतो. काय करू?

प्रतिसाद:
भात गार हवा. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो, शितं सुटी राहतात. गोळे आधीच हाताने मोडा. कढई कडकडीत तापवा, एका वेळी दोनच वाट्या भात घाला. जास्त घातला की कढई थंडावते नि भात परतण्याऐवजी वाफाळतो. खरी गोम इथेच आहे.

प्रतिसाद:
अंडी अर्धकच्ची असतानाच बाजूला काढा. कोबी-गाजर वेगळं परता, पाणी तिथेच आटू द्या. सॉस शेवटी, कढईच्या कडेने.

प्रतिसाद:
भात सकाळपासून बाहेरच असेल तर सरळ टाका. तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा. त्यातल्या जिवाणूंचं विष परतूनही जात नाही.