अ‍ॅलियस : उर्फ, टोपणनाव की जोडपत्ता?

प्रश्न : ऑफिसात नव्या मुलांसाठी सर्व्हरची टिपणं मराठीत लिहितोय. एकाच नेटवर्क कार्डाला दोन-तीन आयपी पत्ते (नेटवर्कवर मशिन ओळखायचे आकडे) देतात, त्याला 'आयपी अ‍ॅलियस' म्हणतात. या अ‍ॅलियसला मराठीत काय म्हणावं? 'उपनाम' लिहिलं तर मुलं हिंदीच्या सवयीने आडनाव समजतात.

– 'उर्फ' घ्या की. लग्नपत्रिकेतसुद्धा असतो, कुणालाही कळेल. टोपणनाव मात्र नको, त्यात लाडाची छटा येते.

– उर्फ मला पटत नाही. उर्फच्या अलीकडचं नाव घ्या नाहीतर पलीकडचं, हाक एकाच माणसाला जाते. पत्त्यांचं तसं नाही. १९२.१६८.१.१० वर बिलिंग आणि १९२.१६८.१.५० वर फाइली, अशी वेगवेगळी कामं एकाच कार्डावर बसवता येतात. आमच्याकडे जुना सर्व्हर काढला तेव्हा सगळ्या बिलिंग मशिनांत त्याचाच पत्ता घातलेला होता. तो पत्ता नव्या सर्व्हरच्या कार्डाला जादा म्हणून दिला आणि एकाही मशिनला हात लावावा लागला नाही. दार एक, पाट्या दोन. लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर, 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारलं की दोन्ही वेळा उत्तरात तोच ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता, येतो. म्हणून मी 'जोडपत्ता' सुचवते.

– ताई, 'जोड' म्हटलं की जोडाक्षर आठवतं, म्हणजे दोन मिळून एक. बाँडिंगमध्ये नेमकं तेच होतं : दोन कार्डं जोडून एक पत्ता. गोंधळ होईल.

– बाँडिंगला 'कार्डजोडणी' म्हणू, कारण तिथे जोडली जातात ती कार्डं. माझ्या मनात जोडाक्षर नव्हतं, जोडधंदा होता. शेती मुख्य, कोंबड्या जोडीला. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा एकाच सबनेटमधल्या (नेटवर्कच्या एकाच तुकड्यातल्या) पहिल्या पत्त्याला मुख्य धरतो आणि बाकीच्यांपुढे 'सेकंडरी' लिहितो. बढतीचं सेटिंग (मुख्य गेला तर सेकंडरीला मुख्य करणारं) चालू नसेल आणि मुख्य पत्ता काढला, तर त्याच्या आधाराने आलेले सगळे जातात. टिपणात हे ठळक लिहा. दूरवरून लॉगिन करून पत्ता काढणारा माणूस स्वतःच बाहेर फेकला जातो.

प्रश्नकर्ता : जोडधंद्यावरून पटलं. जुन्या टिपणांत ईथ०:१ (ईथ० हे कार्डाचं नाव) असं लिहिलेलं आहे, ते ठेवू का?

– ते त्या पत्त्याचं लेबल, वेगळं कार्ड नव्हे. नव्या 'आयपी' आज्ञेने लेबल न लावता पत्ता दिला तर जुन्या 'आयएफकॉन्फिग' आज्ञेत तो दिसतच नाही. मुलांना 'आयपी'च शिकवा.

– आणि आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत? तिथे कार्डाला एफई८० ने सुरू होणारा पत्ता आपोआप मिळतो, वर इंटरनेटवरचे एक-दोन. मुख्य कोण नि जोड कोण?

– तिथे माझा शब्द लावू नका. नुसतं 'कार्डाचे पत्ते' लिहा.